फोटोतले ढग कुठे जातात, आणि एडिटिंगने परत येतात का

मागच्या जुलैत आईला मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसवून फोटो काढला, मागे ढगांचे थरावर थर, मधूनच फुटलेला उजेड, आणि घरी येऊन बघतो तर आईचा चेहरा छान आलाय पण ढगांच्या जागी नुसता कोरा कागद. हायलाइट्सचा, म्हणजे उजळ भागाचा, स्लायडर पार डावीकडे ओढला तरी ढग आले नाहीत, पांढऱ्याचं फक्त राखाडी झालं. फोटो एडिटिंग शिकायचं तर माझ्या मते सुरुवात इथूनच करावी, फिल्टर्सपासून नाही.

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाखो बारीक खाने असतात आणि प्रत्येक खाना म्हणजे नळाखाली लावलेली बादली समजा, पाण्याच्या जागी प्रकाश. बादली काठोकाठ भरली की पुढचं पाणी वाहून जातं आणि किती वाहून गेलं हे नंतर बादलीकडे बघून सांगता येत नाही. आपल्या जेपेग फोटोत प्रत्येक रंगाला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात, ढगाचे सगळे पिक्सेल २५५ वर जाऊन बसले की थर वगैरे काही उरतच नाही. अंधाराचं तसं नसतं, काळपट दिसणाऱ्या भागात बरीच माहिती शिल्लक असते, शॅडोज, म्हणजे अंधाऱ्या भागाचा स्लायडर, वर केले की ती दिसते, फक्त सोबत दाणे पण येतात. म्हणून फोटो काढतानाच फोनच्या स्क्रीनवर बोट आकाशावर टेकवायचं, म्हणजे एक्सपोजर, म्हणजे आत घेतला जाणारा प्रकाश, कमी होतं, चेहरा घरी येऊन उजळता येतो. फोनमध्ये रॉ फॉरमॅट (सेन्सरची माहिती जवळपास जशीच्या तशी ठेवणारी फाइल) असेल तर अजून चांगलं, तिथे जेपेगपेक्षा खूप जास्त पायऱ्या मिळतात, १२ बिट असेल तर ४०९६, त्यामुळे ओढाताण केली तरी रंग तुटत नाहीत.

हे सगळं डोळ्याने ठरवू नका, हिस्टोग्राम बघा, म्हणजे फोटोत कुठल्या उजेडाचे किती पिक्सेल आहेत ते दाखवणारा डोंगरासारखा आलेख. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, डोंगर उजव्या भिंतीला चिकटला असेल तर तिथलं गेलं. जानेवारीत सकाळी मलबार हिलवरून, कमला नेहरू पार्कातून फोटो काढला की उलटं होतं, हवेतले कण प्रकाश विखुरतात, काळ्या भागावर पांढरट पडदा चढतो आणि डोंगर मधेच गोळा होतो. एडिटिंग अॅपच्या लेव्हल्समध्ये, जिथे काळं आणि पांढरं कुठून सुरू व्हायचं ते ठरवता येतं, दोन्ही टोकांचे खुंटे डोंगराच्या पायथ्याशी आणले की अर्ध्या मिनिटात इमारती उठून दिसतात.

मग रंग. आपला मेंदू पिवळ्या बल्बखाली पण पांढरा सदरा पांढराच बघतो, कॅमेऱ्याला मात्र अंदाज करावा लागतो आणि तो चुकतो. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका पिवळा, जास्त तितका पांढरा-निळा; बल्बचा प्रकाश साधारण २७०० केल्विनचा, दुपारच्या उन्हाचा ५५०० च्या आसपास. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे एलइडी लावले तेव्हा राणीचा हार (रात्री हारासारखी दिसणारी तिथल्या दिव्यांची रांग) गेला म्हणून केवढा वाद झाला होता, तो याच आकड्यांचा फरक. गणपतीच्या मांडवातला फोटो पिवळा आला असेल तर व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे पांढरं काय ते अॅपला सांगणारा, ड्रॉपर घेऊन कोणाच्या तरी पांढऱ्या टोपीवर टेकवायचा, बाकी रंग आपोआप जागेवर येतात. जुन्या सोडियम दिव्याखाली मात्र ही युक्ती फार चालत नाही कारण त्याचा बहुतेक प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास, नुसता पिवळा, लाल शालूवर लाल प्रकाश पुरेसा पडलाच नाही तर स्लायडर तो कुठून आणणार.

सॅच्युरेशनला, म्हणजे रंगाच्या गडदपणाला, शक्यतो हात लावू नये असं मला मनापासून वाटतं, जास्वंदीचा लाल २५५ ला टेकला की पाकळीवरच्या शिरा गेल्याच. शार्पनेस पण जपून, त्याने नवीन बारकावे येत नाहीत, कडेची एक बाजू थोडी काळी आणि दुसरी थोडी उजळ होते एवढंच. आणि मूळ फोटो कायम वेगळा ठेवा, जेपेग दर वेळी सेव्ह करताना ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत तोडून थोडी माहिती टाकून देतो.

यंदा आईला परत तिथेच बसवलं, बोट ढगावर टेकवलं, चेहरा अंधारात आला, घरी येऊन शॅडोज वर केले. गालावर थोडे दाणे दिसतात पण मागे ढगाचा थर न थर दिसतोय, आणि तो फोटो मामाला व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला, म्हणजे वाटेत दाबला जाणार नाही.