क्लस्टर सर्व्हरवरील हार्डवेअर कॉन्फिगरेशनची तपासणी

अनेक सर्व्हर नेटवर्कने जोडून एकाच यंत्रणेसारखे चालवले जातात, तेव्हा त्या गटाला क्लस्टर आणि त्यातल्या प्रत्येक सर्व्हरला नोड म्हणतात. कोणत्या नोडवर प्रत्यक्षात कोणते हार्डवेअर आहे, ते कोणत्या सेटिंगवर चालले आहे, हे पाहून नोडची आपसांत तुलना करणे म्हणजे ही तपासणी. एकट्या सर्व्हरवर सेटिंग योग्य आहे का, एवढे पाहून भागते. क्लस्टरवर ते सगळीकडे सारखे आहे का, हा प्रश्न आधी येतो. समांतर गणनेत बाकीचे नोड सर्वांत मंद नोडसाठी खोळंबतात. त्यामुळे एकाच नोडवर ऊर्जाबचतीचे सेटिंग चालू राहिले तरी अख्खे काम रेंगाळते.

लिनक्सवर प्रोसेसरची माहिती ‘एलएससीपीयू’, मेमरी व बायोसची (सर्व्हर सुरू होताना हार्डवेअर तयार करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची) ‘डीएमआयडीकोड’, नेटवर्क कार्डाची ‘इथटूल’ ही कमांड देते. ‘पीडीएसएच’ने तीच कमांड सर्व नोडवर एकदम चालवता येते आणि ‘डीएसएचबॅक’ सारखी उत्तरे एकत्र बांधते. वेगळा नोड आपोआप उघडा पडतो. ऑपरेटिंग सिस्टीम बंद असली तरी मदरबोर्डवरचा बीएमसी हा स्वतंत्र नियंत्रक उत्तर देतो. त्याच्यासाठी १९९८ मध्ये आयपीएमआय आणि २०१५ मध्ये रेडफिश ही मानके आली. रेडफिशमध्ये बायोसचे सध्याचे सेटिंग आणि रीबूटनंतर लागू होणारे सेटिंग वेगवेगळे वाचता येते. ही सोय मोलाची आहे, कारण ‘बदल केला’ आणि ‘बदल लागू झाला’ यांत अनेकदा एक रीबूट राहिलेला असतो.

सर्वांत चकवणारा दोष एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा (बाइटमध्ये). नोडवर तो ९०००, पण वाटेतल्या एखाद्या स्विचच्या पोर्टवर १५०० असला, तर साधे पिंग (नोड उत्तर देतो का, हे पाहणारे छोटे पॅकेट) जाते, लॉगिनही होते. मोठी फाइल पाठवली की मात्र काम अडकते. म्हणून पॅकेटचे तुकडे करण्यास मनाई करून ८९७२ बाइटचे पिंग पाठवतात. आयपी हेडरचे २० आणि आयसीएमपी (पिंगचा प्रोटोकॉल) हेडरचे ८ बाइट मिळून ते नेमके ९००० होते. पीसीआय कार्डांचेही असेच: १६ लेनचे (डेटा वाहणाऱ्या समांतर मार्गांचे) कार्ड ८ लेनवर बिनबोभाट चालत राहते. ‘एलएसपीसीआय’च्या सविस्तर आउटपुटमध्ये कार्डाची क्षमता आणि जोडणीची चालू स्थिती वेगळ्या ओळींत येते, त्या ताडून पाहाव्या लागतात.

सामायिक डिस्क तपासताना नावावर विसंबू नये. एका नोडवर ‘एसडीबी’ म्हणून दिसणारी डिस्क दुसऱ्यावर ‘एसडीसी’ असू शकते. ओळख पटवायची ती डब्ल्यूडब्ल्यूआयडीवरून, म्हणजे डिस्कच्या न बदलणाऱ्या एकमेव ओळख क्रमांकावरून.

काही प्रणाली ही तपासणी स्वतःच करतात. क्लस्टरवर कामे वाटून देणाऱ्या ‘स्लर्म’ला कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहिल्यापेक्षा कमी मेमरी किंवा कोअर आढळले, तर तो सहसा त्या नोडला नवी कामे देणे थांबवतो; जास्त आढळले तर मात्र काम थांबत नाही. विंडोजच्या फेलओव्हर क्लस्टरमध्ये (एक नोड बंद पडला की त्याचे काम दुसरा घेतो असा क्लस्टर) पडताळणीचा विझार्ड असतो, पण त्याच्या स्टोरेज चाचणीसाठी डिस्क ऑफलाइन न्यावी लागू शकते. चालू क्लस्टरवर ती चाचणी वेळ ठरवूनच घ्यावी.

तपासणीची खरी गरज दुरुस्तीनंतर भासते. मदरबोर्ड बदलला की बायोस बहुधा कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर येतो आणि फर्मवेअरची (हार्डवेअरमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरची) आवृत्तीही इतर नोडपेक्षा वेगळी असू शकते. म्हणून असा नोड क्लस्टरमध्ये परत घेण्याआधीच शेजारच्या चालू नोडशी ताडून पाहतात.