खाजगी स्थानिक बदल (आवृत्ती नियंत्रण)

सामायिक रिपॉझिटरीतला (प्रकल्पाचा कोड आणि त्याचा इतिहास यांच्या साठ्यातला) नवा कोड वेळोवेळी घेत असतानाच प्रोग्रामरने फक्त आपल्याकडे राखलेले फेरफार म्हणजे खाजगी स्थानिक बदल. चाचणीच्या डेटाबेसचा पत्ता, दोष शोधण्यासाठी घातलेल्या जादा लॉगच्या ओळी, मूळ प्रकल्पाने अजून न स्वीकारलेली दुरुस्ती ही त्यांची नेहमीची रूपे.

सीव्हीएस, सबव्हर्जन यांसारख्या केंद्रीय आवृत्ती नियंत्रण प्रणालींत कमिट (बदलांची इतिहासात केलेली नोंद) थेट सर्व्हरवर जाई. त्यामुळे खाजगी बदल कमिट न करताच पडून राहत आणि अपडेट त्यांच्यातच येऊन मिसळे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या गिट या प्रणालीत इतिहासाची प्रत प्रत्येकाकडे असते. म्हणून बदल रीतसर कमिट करून पुश न करता, म्हणजे सर्व्हरवर न पाठवता, ठेवता येतात.

असे कमिट वेगळ्या शाखेवर (कोडच्या स्वतंत्र धाग्यावर) ठेवून दर वेळी रीबेस करणे, म्हणजे मूळ प्रकल्पाच्या ताज्या कोडवर ते पुन्हा बसवणे, हा सर्वांत भरवशाचा मार्ग. त्याऐवजी वारंवार मर्ज केल्यास, म्हणजे दोन शाखा एकत्र जोडल्यास, आपले बदल मर्ज कमिटांच्या गर्दीत हरवतात. रीबेसमध्ये ते कायम सर्वांत वर राहतात. मूळ प्रकल्पाने त्यातला एखादा बदल जसाच्या तसा स्वीकारला, तर रीबेस तो ओळखून वगळतो. समजा, आपण एका फंक्शनमधली कालमर्यादा ३० वरून ३०० सेकंद केली आणि तिकडे कुणी तीच ओळ ४५ केली. रीबेस नेमका त्या कमिटपाशी थांबतो आणि दोन्ही रूपे फाइलमध्ये मांडतो. इथे ‘अवर्स’ म्हणजे मूळ प्रकल्पाची बाजू, ‘दीअर्स’ म्हणजे आपली, म्हणजे मर्जच्या उलट. घाईत स्वतःचाच बदल पुसला जातो तो इथेच. ‘रेरेरे’ सुविधा चालू असल्यास एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची अशी टक्कर) तसाच पुन्हा आला की गिट तोच तोडगा लावते. कमिट छोटे आणि एकेका हेतूचे असतील तरच हे सारे सुसह्य होते.

स्टॅश (कमिट न करता बदल तात्पुरते बाजूला ठेवण्याची सोय) तासाभरासाठी ठीक. महिनोन् महिने त्यात बदल ठेवू नयेत.

या कामाचे एक ठळक उदाहरण म्हणजे लिनक्सला ठरलेल्या वेळेत प्रतिसाद देता यावा यासाठीची प्रीएम्प्ट-आरटी. ही पॅचमाला (बदलांच्या फाइलींची मालिका) सुमारे वीस वर्षे लिनक्सच्या मुख्य कर्नलबाहेर (प्रणालीच्या मध्यवर्ती भागाबाहेर) जपली गेली, दर नव्या आवृत्तीवर पुन्हा बसवली गेली. तिच्यातले म्युटेक्स (एका वेळी एकालाच प्रवेश देणारे कुलूप), एफट्रेस (कर्नलच्या कामाचा माग काढणारे साधन) असे भाग आधीच आत गेले होते. उरलेला गाभा २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीत आला.

सेटिंग्जच्या फाइलसाठी अनेक जण ‘अझ्यूम-अनचेंज्ड’ किंवा ‘स्किप-वर्कट्री’ हे गिटला फाइलीतील बदलांकडे दुर्लक्ष करायला लावणारे पर्याय वापरतात. गिटचे अधिकृत दस्तऐवजच त्याविरुद्ध सल्ला देतात, आणि तो रास्त आहे: स्टेटस (बदलांची यादी) स्वच्छ दिसते, पण मूळ प्रकल्पाने तीच फाइल बदलली की पुल (नवा कोड आणण्याचे काम) अडते आणि कारण पटकन उमगत नाही. त्यापेक्षा रिपॉझिटरीत फक्त नमुना फाइल ठेवावी आणि तिच्या खऱ्या प्रतीचे नाव गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) घालावे. पासवर्ड असलेला कमिट चुकून बाहेर जाऊ नये म्हणून प्री-पुश हूक (पुशच्या आधी आपोआप चालणारी तपासणी) लावता येतो. मात्र क्लोन (रिपॉझिटरीची पूर्ण प्रत) करताना हूक सोबत येत नाहीत, प्रत्येक संगणकावर तो नव्याने बसवावा लागतो.