बारावीनंतरची शिष्यवृत्ती: गोव्यात अर्ज कसा करावा आणि कॉलेजने आपले शिबिर कसे तपासावे

शिष्यवृत्ती मार्गदर्शन शिबिराच्या अहवालात उपस्थिती लिहिलेली असते, फोटो असतात, आभारही असतात. किती मुलांच्या खात्यात पैसे जमा झाले, हा आकडा मात्र क्वचितच सापडतो. खरे तर शिबिर चांगले झाले की नाही, हे त्याच आकड्यावरून ठरायला हवे. पैसे खात्यापर्यंत पोहोचताना कुठे अडकतात, हे कळायला आधी अर्जाची वाट पाहू.

उदाहरण म्हणून केंद्र सरकारची पीएम-यूएसपी (प्रधानमंत्री उच्चतर शिक्षा प्रोत्साहन) शिष्यवृत्ती घेऊ. बारावीत आपल्या बोर्डाच्या, आपल्या शाखेच्या उत्तीर्ण विद्यार्थ्यांत ८० पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे वरच्या २० टक्क्यांत असलेला, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेला आणि नियमित पदवी अभ्यासक्रमाला शिकणारा विद्यार्थी अर्ज करू शकतो. डिप्लोमा आणि दूरशिक्षण चालत नाही, दुसरी शिष्यवृत्तीही चालत नाही. पर्सेंटाइल म्हणजे ८० टक्के गुण, असे समजून कित्येक पात्र मुले अर्जच करत नाहीत. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पदव्युत्तरला २०,०००.

अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींसाठीच्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्त्यांना उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. आदिवासी विद्यार्थ्यांनी आदिवासी कल्याण खात्याची गगन भरारी शिक्षा योजनाही पाहावी, आणि कर्जच काढायचे असेल तर गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाची चौकशी बँकेत जाण्याआधी करावी.

पीएम-यूएसपीचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा. आधी वन टाइम रजिस्ट्रेशन, म्हणजे ओटीआर. ते आधारवर होते, मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहऱ्याची पडताळणी करावी लागते, आणि मिळालेला क्रमांक पुढची सगळी वर्षे तोच राहतो. सायबर कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर इथे देऊ नका. पुढचा प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जाईल.

कागदपत्रे: बारावीची गुणपत्रिका, प्रवेशाची फी पावती, मामलेदार कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, आणि बँक पासबुक. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गोवा ऑनलाइनवर अर्ज करता येतो. पोर्टल सुरू होण्याची वाट न पाहता निकालाच्या आठवड्यातच तो करावा, कारण त्या दिवसांत तालुक्याचे अख्खे कॉलेजविश्व एकाच खिडकीवर लोटते. आपल्याकडे आणखी एक घोळ नेहमीचा. गावकर, नाईक, वेळीप या आडनावांचे इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक, गुणपत्रिकेवर दुसरे आणि बापाच्या दाखल्यावर तिसरेच असते. आधार दुरुस्त करून मगच ओटीआर काढा.

अर्ज सबमिट केला की काम संपले, असे बहुतेकांना वाटते. तो आधी कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याने, म्हणजे शिष्यवृत्तीचे काम नेमून दिलेल्या व्यक्तीने, तपासून पुढे पाठवावा लागतो, मग वरच्या पातळीवर पुन्हा तपासला जातो. त्रुटी निघाली तर अर्ज विद्यार्थ्याकडे परत येतो आणि दुरुस्तीलाही मुदत असते. लॉगिन करून पाहिलेच नाही, तर तो तिथेच पडून राहतो.

शेवटी बँक. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होतात. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खाते जोडले गेले असे नव्हे. बँकेत थेट लाभासाठी आधार सीडिंगचा वेगळा फॉर्म भरावा लागतो. सीडिंग झाले का, हे आधारच्या संकेतस्थळावर दिसते. पतसंस्थेतले खाते इथे उपयोगाचे नाही. गावात बँक नसेल तर पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत खाते काढा.

नुसत्या भाषणाने किती फरक पडतो, हे अमेरिकेत मोजले गेले आहे. २००८ साली ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायनात एच अँड आर ब्लॉक या कर-विवरणपत्रे भरून देणाऱ्या कंपनीच्या कार्यालयांत एक प्रयोग झाला. काही कुटुंबांना शैक्षणिक मदतीचा सरकारी फॉर्म तिथेच भरून दिला, काहींना फक्त माहिती दिली. फॉर्म भरून दिलेल्या घरांतल्या हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचे कॉलेजात जाण्याचे प्रमाण ८ टक्के-बिंदूंनी वाढले, म्हणजे शंभरात आठ मुले जास्त गेली. माहितीच्या गटात फरक दिसला नाही.

म्हणून कॉलेजने भाषण अर्ध्या तासात आटोपून उरलेला दिवस संगणक कक्षात घालवावा. मग चार आकडे ठेवावेत: ओटीआर किती निघाले, अर्ज किती सबमिट झाले, पडताळणीतून किती गेले, खात्यात पैसे किती जणांना आले. आलेल्यांची न आलेल्यांशी तुलना करून पाठ थोपटून घेऊ नये. शिबिराला येणारी मुले मुळातच धडपडी असतात. काही तुकड्यांना चिठ्ठ्या टाकून मदत आधी आणि उरलेल्यांना पंधरवड्याने दिली, तर मधल्या काळातला फरक प्रामाणिक असतो, आणि मदतीवाचून कोणी राहतही नाही.

दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी याच कक्षात वेगळे टेबल ठेवा. पीएम-यूएसपीचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. त्याला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते.