उन्हाळ्यात टायरची हवा कमी करावी का?

"उन्हाळ्यात लांब जाताना टायरमध्ये हवा कमी ठेवा, नाहीतर तापून फुटेल." एप्रिल लागला की नागपुरात हा मेसेज फिरू लागतो. पारा ४५ वर आणि बेत मेळघाट किंवा भामरागडकडच्या कच्च्या रस्त्यांचा, त्यामुळे तो पटतोही. हवा तापली की दाब वाढतो, हे खरंच आहे.

पण किती? साधारण दर ५-६ अंशांना १ पीएसआय (टायरचा दाब मोजायचं एकक). कंपनी ही वाढ धरूनच हवा किती भरायची तो आकडा देते. बहुतेक गाड्यांत तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो, आणि तो थंड, म्हणजे गाडी चालवण्याआधीच्या टायरचा असतो. टायरचा घात करणारी उष्णता मुख्यतः त्याच्या स्वतःच्या दबण्यातून येते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, पुन्हा उठते. त्यात रबर तापतं आणि आतले थर सुटू लागतात. वर कॅरियरभर सामान आणि ताशी १०० चा वेग असेल तर विचारूच नका.

पडताळून पाहायचं तर सकाळी निघण्यापूर्वी चारही टायर मोजा, तासभर चालवून पुन्हा मोजा. ज्यात हवा कमी होती, त्याचा दाब जास्त वाढलेला दिसेल. गरम टायरची हवा मात्र सोडू नका.

वाळूत, नदीपात्रात हवा उतरवतात ते योग्यच. टायर पसरतो, रुतत नाही. पण तिथे वेग अगदी कमी असतो. डांबरी रस्ता लागण्याआधी ती परत भरावी लागते, म्हणून दाब मोजायचं गेज आणि पंप गाडीत असायलाच हवेत.