साके: एकाच टाकीत साखरही बनते आणि दारूही

२०२४च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोनं जपानच्या कोजी बुरशीनं साके बनवायच्या परंपरेला वारसा यादीत घेतलं, तेव्हापासून कुणी साकेला तांदळाची वाईन म्हणतं तर कुणी भट्टीची दारू. दोन्ही चूक. साके भट्टी लावून काढत नाहीत, आंबवतात. आणि वाईनचं म्हणाल तर द्राक्षात साखर तयारच असते, तांदळात असतो स्टार्च, आणि साखर खाऊन अल्कोहोल बनवणाऱ्या यीस्टला स्टार्च खाता येत नाही.

भात बराच वेळ चावला की गोड लागतो ना, ते लाळेतल्या एन्झाइममुळे, ते स्टार्च तोडतं. बिअरवाले हेच काम बार्लीला मोड आणून करतात, पण पॉलिश केलेल्या तांदळाला मोड कुठून येणार? म्हणून कोजी. वाफवलेल्या भातावर ही बुरशी वाढवायची, ती एन्झाइम सोडते, मग हा कोजी, आणखी भात, पाणी आणि यीस्ट सगळं एकाच टाकीत.

आता खरी गंमत. बिअरमध्ये आधी साखर बनते आणि मग आंबवणं, साकेत दोन्ही एकाच वेळी चालतं. मुरांबा टिकतो कारण दाट पाकात जंतूंच्या पेशीतलं पाणी ओढलं जातं. यीस्टचीही तीच गत होते. २० टक्के अल्कोहोल हवं तर लिटरमागे ३०० ग्रॅमच्या वर ग्लुकोज लागतं, एवढं सुरुवातीलाच ओतलं तर यीस्ट गुदमरेल. पण कोजी साखर थोडी थोडी सोडत राहतो, यीस्ट ती लगेच संपवतं, त्यामुळे पाक कधी दाट होतच नाही आणि अल्कोहोल मात्र २०च्या आसपास पोचतं, भट्टी न लावता! नंतर बहुतेक वेळा पाणी घालून १५-१६ वर आणतात.

दाइगिंजो या महागड्या प्रकारच्या साकेसाठी तांदळाचा निदान अर्धा भाग घासून काढतात, कारण बाहेरच्या थरात प्रथिनं आणि फॅट जास्त, त्यातलं फॅट केळ्यासारखा वास देणारी एस्टर्स बनू देत नाही. ह्योगो प्रांतातला यामादा निशिकी तांदूळ यासाठी नावाजलेला, त्याच्या दाण्याचा मधला पांढरा भाग भुसभुशीत असतो, बुरशीचे धागे आत सहज शिरतात.

कोजीमुळे साके तब्येतीला चांगली वगैरे जे फिरतं त्यावर विश्वास ठेवू नका. अल्कोहोल कुठलंही असो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेच्या यादीत ते कॅन्सरला कारण ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे.

पाण्याचं राहिलंच. यामामुरा ताझाएमोन या जपानी साकेवाल्याचे दोन कारखाने होते, एक निशिनोमियाला, एक उओझाकीला, आणि निशिनोमियाची साके कायम सरस व्हायची. त्यानं कारागीर बदलून पाहिले, फरक नाही. शेवटी १८४०च्या सुमारास निशिनोमियाच्या विहिरीचं पाणी उओझाकीला नेलं आणि तिथलीही साके तशीच झाली. त्या पाण्यात लोह जवळजवळ नाही हे नंतर कळलं. कोजी एक असा पदार्थ बनवतो जो लोहाला पकडतो, आणि मग साके तांबूस होते, चवही बिघडते.