संघनायक म्हणजे मॉनिटर नव्हे

जून उजाडला की पुण्यातल्या शाळांत स्काउटची पथकं नव्याने उभी राहतात आणि तोच गोंधळ पुन्हा होतो. मुलांना उंचीप्रमाणे उभं करायचं, आठ-आठ मोजून संघ पाडायचे, प्रत्येकातला एक शांत, अभ्यासू मुलगा हेरायचा, त्याच्या खिशावर दोन पट्ट्या लावायच्या आणि सांगायचं, "तू संघनायक. हजेरी घे आणि कोण गडबड करतंय ते मला येऊन सांग." पट्ट्या संघनायकाच्या, पण सोपवलेलं काम मॉनिटरचं. वर्षभर मग सर तक्रार करतात की मुलांना स्काउटची गोडी लागत नाही.

मॉनिटर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. खडू-डस्टर आणणारा, वह्यांचा गठ्ठा स्टाफरूममध्ये पोचवणारा, बाई वर्गाबाहेर गेल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारा. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात असा कोणीतरी लागतोच.

बाकीचे फरक पटकन सांगून टाकतो. मॉनिटर अख्ख्या वर्गाचा. संघनायक सहा ते आठ जणांच्या संघाचा. मॉनिटरला बिल्ला, संघनायकाला डाव्या खिशावर दोन पट्ट्या, उपसंघनायकाला एक, सगळ्या संघांचा मिळून जो नायक असतो त्या पथकनायकाला तीन. संघाला प्राण्याचं किंवा पक्ष्याचं नाव, झेंडा आणि आरोळी असते. गाइडमध्ये, म्हणजे मुलींच्या शाखेत, पथकाला कंपनी म्हणतात, रचना तीच. यात सहसा कोणी अडखळत नाही.

अडखळतात ते अधिकारापाशी. मॉनिटरचा अधिकार शिक्षकांकडून उसना घेतलेला असतो. शिक्षक वर्गात आले की तो संपतो. त्याच्याकडे येते ती सूचना, आणि त्याच्याकडून परत जाते ती तक्रार. संघनायकाकडे अख्खं काम येतं. ते कसं करायचं, कोणी काय उचलायचं, चुकलं तर काय करायचं, हे तो आणि त्याचा संघ ठरवतात. स्काउटर, म्हणजे पथकाची जबाबदारी असलेले सर, समोर उभे असले तरी संघ संघनायकच चालवतो. स्काउटरनी एखाद्या मुलाला परस्पर काम सांगितलं, तर त्या क्षणी संघनायकाच्या पट्ट्या नुसती शोभा होतात.

ही रचना पहिल्या दिवसापासूनची आहे. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा वीस-बावीस मुलांचे चार संघ केले: लांडगे, बैल, कावळे आणि कर्ल्यू हा पक्षी. नामवंत शाळांतली मुलं आणि कामगारांची मुलं एकाच संघात घातली आणि प्रत्येक संघ त्यातल्या एका मुलाच्या हाती दिला. रोज रात्री एक संघ पहाऱ्यावर जायचा. पीठ, मांस, बटाटे असा शिधा घेऊन ठरलेल्या जागी जायचं, स्वतः चूल पेटवून जेवण करायचं आणि पहारे लावायचे. नावं लिहून आणायला तिथे फळाच नव्हता.

आता आपल्याकडचं बघा. पानशेतच्या रस्त्याला एका ओळखीच्यांच्या शेतात आमच्या पथकाचा स्वयंपाक चालला होता. श्रावणातली भुरभुर, लाकडं ओली. एका संघाची चूल पेटेना, नुसता धूर. आठवीतला संघनायक दोन मिनिटं गप्प उभा राहिला. मग त्याने पाचवीतल्या दोघांना गोठ्याच्या वळचणीखालच्या कोरड्या काटक्या मागून आणायला पाठवलं, एकाला ओल्या लाकडाची साल चाकूने तासायला बसवलं आणि उपसंघनायकाला म्हणाला, "तांदूळ नंतर. आधी नुसतं पाणी ठेव." खिचडी तळाला लागली, वर थोडी कच्ची राहिली, सगळ्यांनी खाल्ली. मॉनिटर असता तर पहिल्याच मिनिटाला "सर, आमची चूल पेटत नाहीये" म्हणत धावत आला असता, सरांनी येऊन पेटवून दिली असती आणि खिचडी उत्तम झाली असती. मला कच्ची खिचडी हवी आहे.

हा फरक दिसतो अशी दुसरी जागा मानसभेची. कित्येक पथकं तिला कोर्ट ऑफ ऑनरच म्हणतात आणि कित्येक पथकांत ती होतच नाही, याचा मला खरंच राग येतो. संघनायक आणि पथकनायक एकत्र बसतात. स्काउटर सल्लागार म्हणून बाजूला. सहलीला कुठे जायचं, वर्गणी किती, सतत उशिरा येणाऱ्याचं काय करायचं, हे तिथे ठरतं. त्याआधी प्रत्येक संघाची आपली संघसभा झालेली असते. शाळेत चार मॉनिटर बसून असं काही ठरवत नाहीत, कारण त्यांच्या हाती ठरवण्यासारखं काही नसतंच.

एका मानसभेत ऐकलेलं वाक्य मी नव्या स्काउटरना नेहमी सांगतो. सहल कुठे न्यायची यावर चर्चा चालू होती. गरुड संघाचा नायक उठून म्हणाला, "आमच्या संघाला सिंहगड हवाय. मला स्वतःला राजगड हवा होता, पण आमच्यात दोघं नवीन आहेत, त्यांना तो झेपणार नाही." स्वतःच्या मताविरुद्ध संघाचं मत तो प्रामाणिकपणे वर घेऊन आला. मॉनिटर वरचं खाली आणतो. संघनायकाला खालचं वरही न्यावं लागतं. आतकरवाडीच्या वाटेने पथक सिंहगड चढलं तेव्हा नव्या दोघांच्या मागे, सगळ्यात शेवटी, तोच होता.

हा फरक ध्यानात घेतला की बाकीचे प्रश्न आपोआप सुटतात. पालक विचारतात, "दर महिन्याला संघनायक बदला ना, सगळ्यांना संधी मिळेल." मॉनिटर खुशाल बदला. संघनायक महिन्याने बदलला, तर ज्याने संघ बांधायला घेतला त्याला तो बांधून झालेला कधी दिसतच नाही. संधी द्यायचीच तर संघातच भरपूर कामं आहेत: कोषाध्यक्ष, साहित्यप्रमुख, प्रथमोपचार, इतिवृत्ताची वही. प्रत्येकाला एकेक खरं काम मिळतं.

'पाचवी अ'चा एक संघ, 'सहावी ब'चा दुसरा, हेही नको. शाळेचं वेळापत्रक सोपं होतं, पण एकाच वयाच्या मुलांत नायक पुढे होऊन शिकवणार काय? संघात नववीतला एक, आठवीतले दोन, बाकी लहान असे हवेत. क्लोव्ह हिच ही गाठ पाचवीतल्याला सातवीतल्याकडून शिकू द्या. चुकीची शिकवली तर लॅशिंग, म्हणजे काठ्यांची दोरीने केलेली बांधणी, सुटतं, त्यावर उभं केलेलं गॅजेट कोसळतं आणि दोघेही ती पुन्हा शिकतात. संघात सातच जण असावेत, असं माझं ठाम मत आहे. आठ झाले की दोन कंपू पडतात.

नायक निवडताना गुणपत्रिका बाजूला ठेवा. संघातल्या मुलांशी एकेकट्याने बोला आणि विचारा, वाट चुकली तर कोणाच्या मागे जाशील? उत्तरात बहुतेक वेळा पहिल्या बाकावरचा मुलगा येत नाही.

याचा अर्थ स्काउटरनी हात झटकून बसायचं, असा मुळीच नाही. पाणी, आग, कडा, औषध आणि एखाद्या मुलाला कोणी त्रास देत असेल ती गोष्ट, यात शब्द स्काउटरचाच, तिथे मत विचारायचं नसतं. आणि संघनायकांना स्वतः शिकवायचं. त्यांचा वेगळा तास हवा: नकाशा, गाठी, स्वयंपाक, आणि चिडलेल्या मुलाशी कसं बोलायचं ते. तो तास न घेता जबाबदारी टाकली, तर मुलगा गोंधळतो आणि संघावर आरडाओरडा करतो. पहिल्या वर्षी स्काउटरचा निम्मा वेळ या चार-पाच मुलांवरच जायला हवा.

तुमचं पथक सध्या मॉनिटरच्या पद्धतीने चालत असेल, तर एकदम सगळं उलटंपालटं करू नका. पुढच्या सहलीच्या शिध्याचे पैसे प्रत्येक संघनायकाच्या हातात द्या. यादी त्यांनी करायची, मंडईत जाऊन भाव त्यांनी विचारायचे, उरलेले पैसे हिशेबासह मानसभेत मांडायचे. लहान मुलं असतील तर एखाद्या पालकाला सोबत पाठवा, पण पिशवी आणि पाकीट मुलांकडेच असू द्या. मीठ राहिलं तर शेजारच्या संघाकडे मागायला संघनायकालाच जाऊ द्या.