हब मोटर की मिड-ड्राइव्ह: आधी सायकलचे गिअर मोजा

साधी सायकल किट लावून इलेक्ट्रिक करायला निघालेला माणूस एकदा तरी विचारतोच: हब बसवू की मिड-ड्राइव्ह? आणि आजूबाजूचा कुणीतरी जाणकार लगेच सांगून टाकतो, "मिड-ड्राइव्ह घे, तिला पॉवर जास्त असते." नसते हो. २५० वॅटची हब आणि २५० वॅटची मिड-ड्राइव्ह, दोन्ही २५० वॅटच्याच. हे एक वाक्य किती जणांना नको त्या खर्चात घालतं!

हब मोटर तुम्ही पाहिली असेलच. चाकाच्या मधोमध बसते, चाक फिरवते, चेनशी तिचं काही देणंघेणं नाही. मिड-ड्राइव्ह बसते पेडलपाशी, बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस जिथून जातो त्या) नळीत, आणि तुमच्या पायांसारखी चेनच ओढते. वजन, आवाज, दिसणं यांतले फरक किरकोळ आहेत. त्यावर रात्र रात्र वाद घालणाऱ्यांना घालू द्या.

खरी गोम चेनमध्ये आहे. चढावर लागतो तो जोर, म्हणजे टॉर्क. आणि मोटरवर छापलेला वॅटचा आकडा त्याबद्दल काहीच सांगत नाही. मोटरला जितका जोर लावावा लागतो तितका करंट तिच्या तारांतून जातो, आणि तारा तापतात त्या करंटच्या वर्गाच्या हिशेबात. जोर दुप्पट झाला की उष्णता चौपट.

आता २६ इंची चाक घ्या. ताशी २५ किलोमीटरला ते मिनिटाला साधारण २०० फेरे घेतं. कोथरूडकडून चांदणी चौक चढताना वेग १० वर आला की फेरे उरतात ८०. हब मोटर चाकाशी कायमची बांधलेली असल्यामुळे तीही तितकीच मंदावते. आत छोटे गिअर असलेली हब असली तरी त्यांचं प्रमाण कारखान्यातच ठरलेलं. समोर कर्वे रोड आहे की कात्रजचा घाट, तिला फरक कळत नाही. अशा वेळी ती करंट भरपूर खाते आणि त्यातला बराचसा नुसता तापण्यात घालवते. घाटात बाइक चौथ्या गिअरला रेटल्यावर इंजिन जसं कण्हतं, तोच प्रकार. फक्त मोटर कण्हत नाही, गुपचूप जळते.

मिड-ड्राइव्हला इथे पळवाट आहे. मागचा गिअर १४ दात्यांवरून ३४ दात्यांवर टाका. चढ तोच, सायकलचा वेग तोच, वॅटही तेच. पण मोटर आता जवळजवळ अडीचपट वेगानं फिरते आणि तिच्यावरचा भार त्याच पटीत उतरतो. तारांमधली उष्णता साधारण सहाव्या हिश्श्यावर येते. मिड-ड्राइव्हचं सगळं कौतुक एवढ्यात संपतं.

सिंहगडाचाच हिशेब करू. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, गड १३०० च्या आसपास. माणूस, सायकल, बॅटरी मिळून १०० किलो धरले, तर नुसती ही उंची गाठायला २०० वॅट-अवर लागतात. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरच्या बॅटरीत ३६० असतात. म्हणजे कागदावर बॅटरी पुरते, वर तुमचे पाय आहेतच. उरलेल्यांपैकी किती वाऱ्यात आणि रस्त्यावर जातात आणि किती मोटर तापवण्यात, यावर गडावर सायकल चालवत पोचणार की ढकलत, हे ठरतं.

पण गिअर टाकायचा कोणी? तुम्ही. चौदाच्याच दात्यावर चढ रेटलात तर मिड-ड्राइव्हही तितक्याच निष्ठेनं तापते. एकवीस गिअरची सायकल घेऊन जन्मभर एकाच गिअरवर चालवणारे लोक आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांनी मिड-ड्राइव्हच्या वाटेला जाऊच नये. शिवाय मोटर ओढत असताना गिअर बदलला की चेन आणि दाते दोन्ही खराब होतात. बहुतेक किटमध्ये ब्रेकच्या दांड्याला मोटर बंद करणारा स्विच असतो. दांडा किंचित दाबायचा, पेडल हलकं फिरवत गिअर बदलायचा, दांडा सोडायचा. हा हात बसला नाही तर चेन बदलण्याचा खर्च धरूनच चाला.

आणि एकच गिअर असलेल्या काळ्या सायकलला मिड-ड्राइव्ह लावू पाहणाऱ्यांना तर हात जोडून विनंती: नका. जो फायदा घ्यायचा तो गिअरमधून येतो, आणि तुमच्याकडे तोच नाही. त्यात जुन्या सायकलींचे क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, कॉटर पिननं (खिळीनं) ठोकून बसवलेले असतात, बीबीची नळीही दर वेळी किटच्या मापाची निघत नाही. बाफांग या मोटर कंपनीची नेहमीची मिड-ड्राइव्ह किट ६८ ते ७३ मिलिमीटरच्या नळीसाठी असतात. आधी माप घ्या, मग पैसे द्या.

माझं मत विचाराल तर शहरात ऑफिसला जाण्या-येण्यासाठी मागच्या चाकातली, आत गिअर असलेली हब. डोळे झाकून. उड्डाणपुलांचे चढ छोटे असतात, मोटर तापेपर्यंत संपतात. चेन तुटली तरी हब घरी आणते; मिड-ड्राइव्हची चेन बोपदेव घाटात तुटली तर मोटर, बॅटरी सगळं असूनही सायकल ढकलायची. दिवेघाट, सिंहगड हे दर रविवारचं असेल आणि सायकलला कामाचे गिअर असतील, तरच मिड-ड्राइव्ह.

हबवाल्यांनी एका गोष्टीत कंजुषी करू नये: टॉर्क आर्म, म्हणजे मोटरचा आस फ्रेमला जखडून ठेवणारी पट्टी. मोटर चाकाला जितकं पुढे ढकलते तितकाच तिचा आस उलटा फिरू पाहतो. नट सैल झाला तर आस जागेवर फिरतो आणि वायर पिळवटून तुटते. किटमध्ये नसेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड पोलादी पट्टीचा करून घ्या. पुढच्या चाकात मोटर घालायचीच असेल तर चिमटा (फोर्क) पोलादी हवा. अ‍ॅल्युमिनियमच्या सस्पेन्शन चिमट्यात हब बसवून देणाऱ्या दुकानात मी पंक्चरसुद्धा काढणार नाही.

राहता राहिला कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटर २५० वॅटच्या आत आणि मोटरवरचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच अशी सायकल मोटार वाहनांतून वगळली जाते. १००० वॅटची किट दाखवून "लायसन्स लागत नाही" म्हणणाऱ्याला ते वाक्य वॅटच्या आकड्यासकट बिलावर लिहून द्यायला सांगा.